मिठाच्या गावाची आरास

दुपारी जेवून अंमळ आडवी झाली की कालिंदी नेरूरकर त्या गावात पोचायची. वाट कुठली ते तिला कधीच कळलं नाही. काळाचौकीतल्या तिच्या खोलीत पंखा घरघरत असायचा, खाली मोरीवर कुणीतरी कपडे आपटत असायचं, आणि तो आपटण्याचा आवाज लांब जात जात समुद्राचा व्हायचा. मग पायाखाली पांढरी जमीन यायची. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, पुरुषभर उंचीचे, आणि त्यांच्यामधून वळत गेलेली गल्ली. घरं बुटकी, भिंती निळ्या चुन्याच्या, दारांवर खजुरीच्या झावळ्या. माणसं सावकाश चालायची. मिठावर त्यांची पावलं करकरायची, तीही इतकी हळू की कुणी कानात काही सांगतंय असं वाटावं.

त्या गावात ती जन्मात गेली नव्हती. तरी विहीर कुठल्या वळणावर आहे, मशिदीच्या पायरीवर कुठला म्हातारा बसतो, मीठ भरलेली गाढवं कुठल्या वाटेनं धक्क्याकडे जातात, हे सगळं तिला पाठ होतं. कारण ते गाव एकदा तिच्याच खोलीच्या लादीवर मांडलं गेलं होतं.

ती गोष्ट अशी. परळच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात परदेशातून पेशंट येतात, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कालिंदीची सासू गेली त्या वर्षी हॉस्पिटलातल्या एका समाजसेविकेनं विचारलं, "तुमची बाजूची खोली रिकामी आहे ना? एक बाई आहे, सहा वर्षांची मुलगी घेऊन आलीय. लॉजमध्ये पोरीला धूळ सोसत नाही." कालिंदी हो म्हणाली. दुसऱ्याच दिवशी उंच, सावळी, डोक्यावरून काळी ओढणी घेतलेली एक बाई जिन्यात उभी राहिली. नाव झुहूर. कडेवर तिची लेक रीम, डोक्यावर एकही केस नसलेली, आणि डोळे असे की चाळीतल्या बायका क्षणभर बोलायच्या थांबल्या.

त्यांच्या देशाचं नाव चाळीत कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. पण कालिंदीला परक्या आवाजांची सवय होती. तिनं सगळी नोकरी परदेशी ट्रंक कॉल जोडण्यात काढली होती. कानाला यंत्र लावून बसायचं आणि कुठल्या कुठल्या देशांतले हुंदके, भांडणं, लग्नाच्या बातम्या एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जोडून द्यायच्या. भाषा कळायची नाही, माणूस कळायचा. झुहूर तिला तशीच कळत गेली. पहिल्या आठवड्यात पाणी, ये, बस, दुखतं. मग भात, मासा, औषध. आणि एके दिवशी डाळीत मीठ कमी पडलं म्हणून कालिंदीनं बरणी पुढे केली, तेव्हा झुहूर बरणीवर हात ठेवून म्हणाली, "मिल्ह."

"मीठ," कालिंदी म्हणाली.

"मिल्ह. मीठ." झुहूर हसली. दोन्ही शब्द चुलतभावंडं असावीत तसे शेजारी शेजारी बसले. त्या दुपारी तिनं लादीवर आपलं गाव मांडलं. वाट्या म्हणजे घरं, चमचे म्हणजे गल्ल्या, पेला म्हणजे विहीर, आणि सगळीकडे चिमटीनं सोडलेलं मीठ. तिचा नवरा, तिचा बाप, बापाचा बाप, सगळे मिठागरावरचे. कालिंदीचं माहेर शिरोड्याचं. तिच्या लहानपणी तिथल्या मिठागराच्या बांधावरून पळताना पायाला पडणाऱ्या भेगा तिला आठवल्या. तिनं पाऊल पुढे करून टाचेवरचा जुना व्रण दाखवला. झुहूरनंही ओढणी सावरत आपली टाच दाखवली. तिथं तसाच व्रण होता.

थंडीत रीमला जरा बरं वाटू लागलं, तेव्हा कालिंदी त्यांना बसनं वडाळ्याला घेऊन गेली. मिठागराची जमीन पडीक झाली होती, पण कडेला पाणी साचून सुकलेलं होतं आणि त्यावर पातळ पांढरी साय धरली होती. झुहूर खाली बसली. बोटानं ती साय उचलून तिनं जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसून राहिली. रीम तिच्या गळ्यात पडून विचारत होती ते कालिंदीला न सांगताच कळलं. आई, आपण घरी आलो का?

रीम बरी झाली. डोक्यावर मऊ काळे केस आले, आणि मायलेकी आपल्या देशी परत गेल्या. मग फोनवर आवाजाचे निरोप येत राहिले. झुहूर मराठीच्या तुकड्यांत बोलायची, "कालिंदीमावशी, रीम शाळा. रीम पळते." मध्ये कधी वाऱ्याचा घोंगाट, कधी कोंबडा. कालिंदी ते निरोप परत परत ऐकायची. आणि दुपारी डोळा लागला की त्या आवाजांच्या मागोमाग गावात शिरायची.

मग तिथं लढाई सुरू झाली. त्या देशाचं सरकार आणि किनाऱ्यावरची माणसं यांच्यात जुंपली होती. का, ते पेपर वाचून तिला धड उमगलं नाही. निरोप कमी होत गेले. एका दुपारी आला तो झुहूरच्या नेहमीच्या आवाजात नव्हता. घसा बसलेला, शब्द एकेक करून ठेवलेले.

"कालिंदीमावशी. विहीर नाही. शाळा नाही. लोखंड पडतं. लोखंडावर नाव. तुमच्या देशाचं नाव."

सोबत फोटो होता. मिठात रुतलेला एक काळा, फाटका तुकडा, आणि त्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं. कालिंदीनं चष्मा पुसून दोनदा वाचली. त्यानंतर निरोप आलाच नाही.

तिनं चौकशी केली तेव्हा कळलं की गुपित असं काही नव्हतंच. आपल्या सरकारचा त्या सरकारशी करार होता, आपल्याकडून तोफगोळे जात होते, आणि पेपरात आतल्या पानावर ते छापूनही आलं होतं. त्या दिवशी दुपारी ती गावात गेली तर गल्ली रिकामी होती. चौकात विहिरीच्या जागी तो काळा तुकडा उभा होता, माणसापेक्षा उंच. ती जवळ गेली. त्यावर पत्ता लिहिला होता. काळाचौकी, चाळीचं नाव, खोलीचा नंबर. अक्षर तिचंच होतं.

जाग आली तेव्हा उशी ओली होती. ती उठली, तोंड धुतलं, इस्त्रीची साडी नेसली आणि खासदारांच्या कार्यालयात गेली.

कार्यालयात पुष्कर नावाचा खासदारांचा मदतनीस बसायचा. पांढरा शर्ट, दोन फोन, बोलणं गोड. तिनं निवेदन पुढे ठेवलं. त्या देशाला शस्त्रं देणं थांबवावं, आपल्या खासदारांनी त्यासाठी दिल्लीत बोलावं, एवढंच त्यात होतं. पुष्करनं वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काकू, हे परराष्ट्र धोरण झालं. इथं आपण नळाचं, गटाराचं, ॲडमिशनचं बघतो. तसलं काही असेल तर सांगा, आज करून देतो."

"नळाला पाणी आहे रे," कालिंदी म्हणाली. "तिकडच्या विहिरीला नाही."

"साहेबांना सांगतो." त्यानं शिक्का मारला.

ती पुढच्या सोमवारी गेली, त्याच्या पुढच्या सोमवारी गेली. मधल्या दिवसांत फोन करायची. फोनवर तिचा आवाज नोकरीतल्यासारखाच लागायचा, स्वच्छ आणि बिनघाईचा. "नमस्कार, कालिंदी नेरूरकर बोलतेय, काळाचौकीहून. साहेबांचं काही उत्तर?" पुष्कर कंटाळला खरा, पण त्या आवाजावर खेकसायला त्याला जमेना. "काकू, साहेब दौऱ्यावर आहेत हो," तो म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ उगीचच खिडकीबाहेर बघत बसायचा, असं त्यानंच तिला नंतर कधीतरी सांगितलं.

श्रावण लागला आणि चाळीच्या मंडळाची गणपतीची बैठक बसली. मंडळ छोटं. लालबागच्या मोठ्या गणपतींच्या रांगा इथवर पोचत नाहीत, पण देखावा दरवर्षी होतो, आणि तो करतो कालिंदीचा धाकटा दीर आनंदा. कधीकाळी तो साइनबोर्ड रंगवायचा. आता हात थरथरतात, तरी ब्रश धरला की स्थिर होतात. यंदा काय करायचं यावर घोळ चालला होता. कुणाला किल्ला हवा होता, कुणाला चांद्रयान. कालिंदी सहसा बोलत नसे. त्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि रीमच्या गावाचा देखावा करू या म्हणाली.

मग अध्यक्ष गौतम म्हणाला, "वैनी, रीम आपली पोर होती, मान्य. पण बाहेरच्या देशाच्या भानगडीत आपला काय संबंध? उद्या कोणी म्हणेल, हे देशाच्या विरोधात बोलतात. मंडळाची परवानगी जायची."

"संबंध आहे म्हणून तर बोलतेय," कालिंदी म्हणाली. "तिकडे पडतंय ते इथून जातंय. माझ्या आज्यानं शिरोड्याला मिठासाठी काठ्या खाल्ल्या. पाठीवरचे वळ मी पाहिलेत. त्याला कोणी विचारलं असेल, तुझा काय संबंध? मी देशाच्या विरोधात नाही रे गौतम. माझ्या देशाचं नाव कुठं कोरलं जावं, एवढंच मला सांगायचंय."

मागच्या खुर्चीवर आकांक्षा बसली होती. तळमजल्यावरची, साउंड रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत नोकरी करणारी. ती म्हणाली, "गौतमदादा, रीम आमच्याबरोबर जिन्यात पत्ते खेळायची. तिचं गाव कसं आहे ते मला बघायचंय. आवाजाचं मी बघते."

गौतमनं डोकं खाजवलं. मग आनंदाकडे पाहिलं. आनंदा इतका वेळ लादीवर बोटानं काहीतरी रेघा ओढत होता. तो वर न बघताच म्हणाला, "वैनी, तो गाव दिसता कसो, ता माका सांग. बाकीचा मी बघतंय."

झालं, ठरलं.

पुढचे दिवस कसे गेले ते कालिंदीला नीट आठवत नाही. दुपारी झोपायचं, गावात फिरून यायचं, आणि चहाच्या वेळी मंडपात जाऊन आनंदाला सांगायचं. "भिंत इतकी निळी नको. ऊन लागून विटल्यासारखी." "विहिरीचा काठ एका बाजूनं झिजलेला आहे, दोरीनं." आनंदा विचारायचा नाही की तुला कसं ठाऊक. पुठ्ठे, कापड, बांबू, गोणपाट, आणि सगळ्याच्या खाली जाडं मीठ, वखारीतून आणलेल्या गोणींमधलं. ते मंडपात पसरलं तेव्हा चाळीतल्या म्हाताऱ्या चपला काढून कडेला उभ्या राहिल्या, अंगणात चांदणं सांडावं तसं ते पडलं होतं. आनंदानं गाव लढाईच्या आधीचं उभं केलं. मोडतोड नाही, आग नाही. फक्त चौकात, विहिरीशेजारी, एक काळा तुकडा.

देखाव्याचं निवेदन कालिंदीच्याच आवाजात होतं. आकांक्षानं ते खोलीची दारं लावून, पंखा बंद करून टिपलं. मध्ये मध्ये झुहूरचे जुने निरोप जोडले. रीम शाळा, रीम पळते. वारा, कोंबडा.

परवानगीसाठी संहिता पोलीस ठाण्यात दिली होती. तिथले साहेब भले होते. त्यांनी चहा मागवला, सगळं वाचलं, आणि एका वाक्याखाली रेघ ओढली. "मावशी, बाकी छान आहे. एवढं काढा. उत्सवात वाद नको."

"ते वाक्य खरं आहे साहेब."

"खोटं आहे असं मी म्हणालो का?"

वाक्य काढलं. आकांक्षा चिडली. संध्याकाळी ती कालिंदीकडे आली आणि म्हणाली, "काकू, त्या जागी मी दुसरं काही भरणार नाही. ते वाक्य जितका वेळ घेतं तितका वेळ नुसता वारा ठेवते."

आणि तेच लोकांना लागलं. गणपती बसले, माणसं येऊ लागली. दर्शन घ्यायची, देखाव्यासमोर उभी राहायची. निळ्या भिंतींवर दिव्यांचं ऊन चढायचं, उतरायचं. कालिंदीचा आवाज गावातून हिंडायचा, आणि मग एकाएकी थांबायचा. वारा वाहायचा. त्या रिकाम्या जागेत माणसं आपोआप त्या काळ्या तुकड्याकडे बघायची. हिंदमाताला साड्या घ्यायला आलेल्या दोन बहिणी पिशव्या खाली ठेवून तीनदा देखावा बघून गेल्या. एक म्हातारा कालिंदीला म्हणाला, "हे माझ्या स्वप्नात येतं गाव." ती नुसती हसली. तिला खरंच वाटलं, असेलही. गाव काय एकट्याच्या झोपेपुरतं थोडंच असतं?

खासदार आले ते गौरी गेल्यावरच्या एका दुपारी, मंडप ओस असताना. गणपतीत लोकप्रतिनिधी दिवसभर मंडळांच्या फेऱ्या मारतात, एका आरतीहून दुसऱ्या आरतीला. लहान मंडळांच्या वाट्याला असल्या अवेळा येतात. गौतमची धावपळ उडाली. शाल आणा, नारळ आणा. साहेब थकलेले दिसत होते. कपाळावर ठिकठिकाणच्या मंडळांचा गुलाल होता, आवाज बसला होता. दर्शन झालं, शाल झाली. "देखावा बघायचा का साहेब?" गौतमनं विचारलं. पुष्कर घड्याळाकडे बघत होता, पण साहेब खुर्चीत टेकलेच होते. "लाव," ते म्हणाले. "तेवढंच बसायला मिळेल."

मंडपात अंधार झाला. गावावर ऊन चढलं. कालिंदी बाजूला खांबाशी उभी होती. साहेबांचे डोळे मिटत होते, उघडत होते. अर्धवट झोपेतच ते त्या गल्लीतून चालले असावेत, कारण रीमच्या नावाशी त्यांनी मान वळवली, कुणी हाक मारल्यासारखी. मग आवाज थांबला आणि वारा सुटला.

"बंद पडलं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," कालिंदी म्हणाली. "तिथं एक वाक्य होतं. काढायला लावलं."

"कसलं वाक्य?"

पुष्करनं मान वर केली. तो आवाज त्यानं लगेच ओळखला. गौतम डोळ्यांनी नको नको म्हणत होता. कालिंदी दोन पावलं पुढे आली. वारा अजून वाहत होता, आणि त्या रिकाम्या जागेत तिनं ते वाक्य म्हटलं, न चिडता, न थरथरता.

"या गावावर पडणारे गोळे आपल्या देशातून जातात, आणि ते थांबवायला सांगणं आपल्या हातात आहे."

निवेदन पुढे चालू झालं, कोंबडा आरवला. दिवे लागले तरी साहेब बसून राहिले.

"तुम्ही त्या फोनवाल्या काकू का?"

"हो."

"काकू, हे माझ्या हातात नाही हो."

"मग कुणाच्या?"

"दिल्लीच्या. निर्णय तिथं होतात."

"आणि दिल्लीत आमच्या वतीनं कोण बसतं, साहेब?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. साहेबही कसनुसं हसले. कालिंदी हसली नाही. ती त्यांच्यासमोर खाली मिठाच्या कडेला बसली, नात्यातल्या माणसाशी बोलायला बसावं तशी.

"मी तुम्हाला रागानं बोलत नाही. मी काही लढाया थांबवणारी बाई नाही. पण ती पोर माझ्या बाजूच्या खोलीत बरी झाली. आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच नर्सबायांनी तिला मरणाच्या दारातून ओढून आणली. आपणच वाचवायचं आणि आपणच वरून लोखंड टाकायचं, हे मला झोपू देत नाही. तुम्ही फक्त उठून उभे राहा आणि विचारा. तुम्हाला उत्तर द्यावं लागतं सरकारला. मला नाही देत."

साहेबांनी चपलेचं टोक मिठात फिरवलं. "त्या देशाचं नाव मी कागदांवर पुष्कळदा पाहिलंय," ते हळू म्हणाले. "तिथं गाव असतं हे डोक्यात आलं नव्हतं." मग जरा थांबून, "पक्षात विचारावं लागेल. मी शब्द देत नाही."

"देऊ नका. विचारा."

ते गेले. पुष्कर मागं राहिला, वाकून त्यानं चिमूटभर मीठ उचललं, रुमालात बांधलं आणि गाडीकडे पळाला.

अनंत चतुर्दशीला मंडळाची मूर्ती निघाली, तेव्हा मीठ कचऱ्यात टाकायचं कुणाच्या जिवावर येईना. बायकांनी ते ओंजळी ओंजळीनं पदरात घेतलं. ढोलांच्या मागोमाग, रस्त्यांतून वाहणाऱ्या माणसांबरोबर तरंगत गेल्यासारख्या त्या गिरगाव चौपाटीवर पोचल्या तेव्हा उजाडत होतं. समुद्र राखाडी आणि शांत होता. मूर्ती पाण्यात गेली, आणि मागोमाग मिठाच्या ओंजळी. कालिंदी गुडघाभर पाण्यात उभी होती. हेच पाणी लांब कुठेतरी त्या धक्क्याला लागत असेल, असं तिच्या मनात आलं. ते खरं की खोटं हे तिनं कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर दुपारची झोप तिला लागायची, पण गाव दिसेनासं झालं. पंखा पंख्यासारखाच घरघरायचा. ती जागी होऊन छताकडे बघत राहायची आणि वाटायचं, तिथं आता बघायला काही उरलं नसेल.

हिवाळी अधिवेशनात साहेबांनी प्रश्न विचारला. पुष्करनं फोन करून सांगितलं, "काकू, टीव्ही लावा." सगळी चाळ कालिंदीच्या खोलीत जमली. साहेब उभे राहिले, थोडे अडखळले. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, की आमच्या मतदारसंघातल्या एका हॉस्पिटलात बऱ्या झालेल्या मुलीच्या गावावर आपण दिलेले गोळे पडतायत का, हे सरकार सांगेल काय? सभागृहात जरा गलका झाला. मंत्र्यांचं उत्तर गुळगुळीत होतं. देशहित, आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या, सर्व बाबींचा सातत्यानं आढावा. गौतमनं शिवी हासडली. आनंदा म्हणाला, "इतक्या बोलून काय्येक सांगूक नाय." आकांक्षा रडली.

पण आठवड्याभरात दुसऱ्या राज्यांतल्या चार खासदारांनी तोच प्रश्न लेखी दिला. मग आणखी काहींनी. फाल्गुनात आतल्या पानावर बातमी आली की त्या देशाशी झालेल्या कराराची मुदत संपत असून तो पुढे वाढवण्याचा निर्णय तूर्त स्थगित ठेवला आहे. रद्द नाही, स्थगित. जे गोळे आधीच गेले होते ते गेलेच होते. कालिंदीनं बातमी वाचली आणि घडी करून पेपर ठेवून दिला. तिला आनंद झाला का, हे तिला सांगता आलं नसतं. त्या दुपारी मात्र ती दिवेलागणीपर्यंत झोपली. स्वप्न कुठलंच पडलं नाही.

झुहूरचा आवाज आला तो त्यानंतर, परक्या नंबरावरून. सरहद्दीपलीकडे तंबूंच्या छावणीत होती ती. नवरा नव्हता. तिचा बाप नव्हता. रीमचा एक कान गेला होता, पण रीम होती. हे सगळं झुहूर मोडक्या शब्दांत सांगत असताना मागून दुसरा, वाढलेल्या मुलीचा आवाज आला, जरा जास्तच मोठ्यानं, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा. "मावशी! मी उंच!"

कालिंदीनं ते चाळभर ऐकवलं. मग खोलीत येऊन एकटीनं ऐकलं. उत्तर द्यायला फोन तोंडाशी धरला, तर आयुष्यभर न अडलेला तिचा आवाज फुटेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "किती उंच? सांग बघू."

चैत्रात ती आकांक्षाला घेऊन दादरला गेली, दुसऱ्या एका खासदारांकडे. कराराचा विषय पुन्हा निघणार अशी कुणकुण होती. कार्यालय जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन आत येऊन बाकांवर बसलेल्या माणसांच्या मांडीवर हिरवं-पिवळं पडलं होतं. खालच्या फुलबाजारातून मोगऱ्याचा वास येत होता. रांग मोठी होती. शेजारी एक गृहस्थ मांडीवर फाइल घेऊन पेंगत होते. जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं काय काम? आमच्या बिल्डिंगचं ड्रेनेज तुंबलंय, तिसरी खेप माझी."

कालिंदीनं सांगितलं. मिठाचं गाव, रीम, करार, सगळं थोडक्यात. गृहस्थ ऐकत राहिले. मधेच त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात आतून शिपायानं त्यांचंच नाव पुकारलं. ते अर्धे उठले, आणि पुन्हा खाली बसले.

"या बाईंना आधी जाऊ दे," ते शिपायाला म्हणाले. "आमचं तुंबलेलंच आहे, आणखी थोडं तुंबू दे."

कालिंदीनं पदर सारखा केला, आकांक्षाचा हात धरला आणि दाराकडे निघाली.